बारावी काच

अण्णा,

काल दुपारी एक बाई तिच्या मुलीला घेऊन दुकानात आली. स्थळं बघताहेत, बायोडाट्यावर लावायला फोटो हवा होता. मुलगी सावळी, कपाळ रुंद, बसणं अगदी शांत. तुम्ही असता तर तिला दारातल्या उजेडात बसवून दहा मिनिटं नुसते बघत राहिला असता. फोटो काढून झाल्यावर आई माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, जरा उजळ करा. मी केला. कॉम्प्युटरवर आता त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या दोघी गेल्या आणि मला जेवण गेलं नाही, भाकरीचं ताट तसंच झाकून ठेवलं. तुमच्यावरचा राग एवढ्या वर्षांत कुठेतरी विझला असावा, तो शोधूनही सापडत नाही. शिसारी मात्र जशीच्या तशी आहे. ती घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की ऐकून घ्यायला आता वेळच वेळ असेल.

मेहकरचा आपला जुना स्टुडिओ मला आधी वासानेच आठवतो. काचा धुवायच्या हायपोचा आंबूस वास, कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाला लागलेला तुमच्या घामाचा वास, आणि वर पांढऱ्या कापडाच्या छतावर साचलेली धूळ. मागे रंगवलेला पडदा. त्यावर मेहकरात कोणी कधी न पाहिलेलं कारंजं, आणि कुठेच न जाणारा एक जिना. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, कचेऱ्यांतले अर्ज वाढले होते आणि प्रत्येक अर्जाला फोटो लागू लागला होता. सुलतानपूर, जानेफळकडून माणसं एस.टी.ने येत, कारंज्यापुढे श्वास रोखून उभी राहत आणि फोटो झाला तरी श्वास सोडत नसत. लग्नं, बारशी, शाळेचे गट, बदली झालेल्या साहेबांचे निरोप. हे सगळं तुम्ही तोंड मिटून करायचात. कामाला कधी नाव ठेवलं नाहीत, पण त्या कामाकडे कधी डोळे भरून पाहिलंतही नाही.

काचेच्या प्लेटा डझनाच्या खोक्यात यायच्या. अकरा गिऱ्हाइकांच्या आणि बारावी तुमची, हा तुमचा नेम. आईने किती कटकट केली तरी तो मोडला नाही. ती बारावी काच घेऊन तुम्ही जानेफळच्या बाजाराला जायचात. तिपाई खांद्यावर, कॅमेरा पोटाशी. भाजीवाल्या बाया, कासार, पारावर झोपलेला म्हातारा, यांच्यातल्या एकाचाच फोटो, कारण काच एकच. परत आलात की फोटो उमटवून धुतलेली ती काच स्टुडिओत वाळवायची नाही, तिथे धूळ. ती स्वयंपाकघरात, आईच्या फडताळावर, ताटांच्या शेजारी उभी करायची. आई म्हणायची की माझ्या ताटांत तुमच्या बाजारातल्या बाया काऊन ठेवता. तुम्ही हसायचात. मला तेव्हा तुमचं हे हसणं फार आवडायचं. बाकीच्या अकरा काचांच्या वेळी तुम्ही कधी हसल्याचं आठवत नाही.

मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला रिटचिंगच्या डेस्कावर बसवलंत. उतरत्या फळीला मधे चौकोनी भोक, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड आणि त्यावर उलटी काच. काचेवर जे काळं असेल ते कागदावर पांढरं येतं, एवढं समजलं की निम्मं काम आलं. बारीक टोकाच्या पेन्सिलीने मुरूम, वांग, देवीचे व्रण भरायचे. आणि ज्या मुलींचं लग्न ठरायचं आहे त्यांच्यासाठी ती लाल रंगाची बाटली. त्या रंगाचा पातळ हात काचेवरच्या चेहऱ्याला दिला की छापताना तिथे उजेड अडतो आणि कागदावर मुलगी गोरी होते. मुलीचे वडील दुकानाबाहेर जोडे घालता घालता हळूच सांगून जात. तुम्ही मान हलवायचात आणि बाटली माझ्याकडे सरकवायचात. माझा हात हलका होता. सहा महिन्यांत मी अर्धा तालुका गोरा केला.

सवयीचंच काम ते. एकदा तुमची बाजारातली एक काच डेस्कावर राहिली होती. गवारीच्या ढिगामागे बसलेली बाई, दोन्ही गालांवर देवीचे व्रण. मी ते मन लावून भरले. कौतुकाने तुम्हाला दाखवायला आणली.

"तिचं तोंड हाय ते," तुम्ही म्हणालात. "तुले कोनं सांगतलं हात लावाले?"

मग तुम्ही स्वतः कापसाच्या बोळ्याने, टर्पेंटाइन लावून, माझी पेन्सिल पुसलीत. एकेक व्रण परत आला. दिवसभर मला रडू येत होतं आणि तरी मनातून इतका अभिमान वाटत होता तुमचा की विचारू नका. माणसाचा चेहरा म्हणजे काय हे माझ्या बापाला कळतं, असं मला वाटलं. तेच मला नडलं. तुम्ही नुसते दुकानदार असता तर पुढचं मी विसरूनही गेले असते.

मग माझी पाळी आली. मी विशीत होते, खामगावकडचं स्थळ होतं. तुम्ही मला पावडर लावायला लावलीत, आईचं जरीचं पातळ नेसवलंत, कारंज्यापुढे बसवून एक काच काढलीत. ते झाल्यावर म्हणालात, तोंड धुऊन ये. मी घरातल्या पातळात, ओल्या तोंडाने आले. तुम्ही मला मागच्या दारात, चिंचेच्या पानांतून येणाऱ्या उजेडात बसवलंत आणि किती तरी वेळ काही केलंच नाही. काळ्या कापडाखालून बाहेर यायचात, मला बघायचात, परत आत जायचात. ती त्या खोक्यातली बारावी काच होती. दुसऱ्या दिवशी फडताळावर ताटांच्या शेजारी मी उभी होते. आई ताटं घ्यायला आली आणि बघतच राहिली. मी स्वतःला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. मी काळी होते आणि वाईट दिसत नव्हते.

संध्याकाळी तुम्ही कारंज्यापुढची काच माझ्या डेस्कावर ठेवलीत, शेजारी लाल बाटली ठेवलीत आणि म्हणालात, हात फिरव. मी म्हटलं, ती दारातली पाठवा ना, मी आहे तशीच राहू द्या. तुम्ही माझ्याकडे न बघता उत्तर दिलंत.

"ते माह्यं काम हाय. हे लोकाइचं काम हाय."

म्हणजे गवारीवालीचा चेहरा तुमचा आणि पोटच्या मुलीचा लोकांचा. मी ब्रश ओला केला. आपल्याच तोंडावरून, कपाळावरून, नाकावरून तो रंग फिरवताना कसं वाटतं ते तुम्हाला कधी कळणार नाही. त्या रंगाला गोडसर वास असायचा. आजही घरात सरबताची बाटली मी आणू देत नाही.

ती माणसं आली त्या दिवशी मुलगा आलाच नव्हता. बाप, काका आणि एक आत्या. चिवडा झाला, चहा झाला. काकाने खिशातून माझा फोटो काढला, उठून जवळ आला आणि तो माझ्या गालाशी धरला, पातळाला ब्लाउजपीस लावून बघतात तसा. त्याच्या बोटांना चिवड्याचं तेल होतं. कधी फोटोकडे, कधी माझ्याकडे बघत तो म्हणाला की यातली पोरगी आणि ही पोरगी एक दिसत नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काय बोलाल असं मला वाटलं होतं कोण जाणे. ही माझी मुलगी आहे, अशीच आहे, एवढं म्हणाला असता तरी खूप झालं असतं. निदान गप्प बसला असता.

"रिटचिंग पोरगीच करते आमच्याकडे," तुम्ही म्हणालात. "हौसेनं जास्त झालं असन तिच्या हातून."

आत्या हसली. बाप हसला. तुम्हीही हसलात अण्णा, अगदी बारीकसं. ते हसणं फडताळापुढचं नव्हतं, जोडे घालणाऱ्या बापांपुढे मान हलवायचात तसलं होतं. माणसं गेल्यावर तुम्ही तो फोटो धोतराच्या टोकाने पुसलात, तेलाचा डाग गेला का ते बघितलंत आणि पुढच्या स्थळाला होईल म्हणून खणात ठेवलात. मी मोरीत जाऊन ओकले.

पुढच्या बाजाराला तुम्ही गेलात. श्रावण होता, बारीक पाऊस लागला होता. मी माळ्यावरून तुमच्या बाराव्या काचांची पेटी उतरवली. साठ-सत्तर काचा असतील. प्रत्येकीच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिऱ्याच्या कलमाने तुम्ही कोरलेला आकडा. मी घंगाळात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घातला आणि एकेक काच बुडवली. थोड्या वेळाने थर सैल होतो आणि सायीसारखा सुटून येतो. म्हातारे आले, कासार आला, गवारीवाली तिच्या व्रणांसकट आली. मोरीचं तोंड तुंबलं. ती बुळबुळीत काळी साय मला हाताने ओढून काढावी लागली. बोटांत चेहरे येत होते आणि मी ते राखेच्या ढिगावर टाकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती आत गेली आणि आणखी गरम पाणी आणून घंगाळात ओतलं.

तुम्ही आलात तेव्हा काचा भिंतीशी लखलखत उभ्या होत्या. मी सांगितलं की माळ्यावर पत्रा गळला, पेटीत पाणी साचलं, थर सुटले, म्हणून निदान काचा तरी धुऊन ठेवल्या. तुम्ही एकेक काच उचलून दाराकडे धरलीत, अजून काही दिसत असल्यासारखी. सगळ्या धरल्यात. त्या दिवशी बाजारात काढलेला फोटो तुम्ही उमटवलाच नाहीत, ती काच तशीच कॅमेऱ्यात राहिली. दोन दिवसांनी माझ्या डेस्कावर मलमाची एक डबी होती. सोड्याने माझी बोटं सोलली होती. छप्पर गळल्याने बोटं सोलत नाहीत, हे तुमच्यासारख्या माणसाला कळलं नसेल असं मी कशी मानू? पण तुम्ही विचारलं नाहीत. त्यानंतर बाराच्या बारा काचा गिऱ्हाइकांच्या झाल्या. जानेफळच्या बाजाराला तुम्ही परत कधी गेला नाहीत. धुतलेल्या काचा फोटो मढवायला कामाला आल्या. मेहकरातल्या किती घरांत लोकांच्या लग्नांवर आणि देवांवर त्या अजून असतील, देव जाणे.

ती डबी मी वापरली नाही, फेकलीही नाही. पुढे माझं लग्न फोटोवाचून झालं, स्टुडिओ माझ्याकडे आला, आणि तुम्ही जे केलंत ते सगळं मी केलं. बारावी काच सोडून. मला वाटायचं मी तुमच्याहून बरी, निदान माझी दोन तोंडं नाहीत. काल ती मुलगी उठता उठता मला हळूच म्हणाली होती, मॅडम, राहू द्या ना तसाच. आणि मी तिच्याकडे न बघता म्हणाले, अगं बाई, हे लोकांचं काम आहे. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं ते कोणाचे आहेत. तुमची किळस करत करत मी तुमच्याच खुर्चीत येऊन बसले. आणि त्या खुर्चीतलं जे चांगलं होतं ते तर मी मोरीत धुऊन टाकलेलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, खणातच राहील. पण एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही सांगते. त्या श्रावणात सगळ्यांत आधी मी माझी, दारातली काच धुतली. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा एकही धड फोटो घरात निघाला नाही. एस.टी.च्या पासावरचा मोठा करून घेतला. मढवायला काच शोधली तर अडगळीत एकच उरली होती, कोपऱ्यात आकडा असलेली. तो आकडा मला पाठ होता. आता दिवाणखान्यात तुम्ही माझ्या काचेमागून सगळ्यांकडे बघत असता. आणि अण्णा, त्या पासावरच्या फोटोत तुम्ही फार काळे दिसत होता. सगळे नातेवाईक येणार होते. मोठा करायच्या आधी मी लाल बाटली काढली आणि निगेटिव्हवर हात फिरवला. माझी नातवंडं म्हणतात, पणजोबा किती गोरे होते. मी त्यांना काही सांगत नाही, कारण तुमचा रंग नेमका कसा होता ते मलाच आता आठवत नाही.