माझ्या पोटातली बीजं

७ ऑगस्ट

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि लोकरीचं झबलं मिळालं. वीण छान पडलीय. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढतात. बाळीला दात येतायत, हाताला लागेल ते चावते. धाकटीला श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून मी अजून तिच्याकडेच आहे.

तुझं पोट दुखायचं थांबलं का? धाकटीसाठी तुझी स्त्रीबीजं काढल्यावर पोटात पाणी साठून तू फुगलीस, तेव्हा मी तुझ्याकडे फिरकले नाही, हे तुझ्या मनात आहे म्हणे. अगं, त्याच आठवड्यात धाकटीच्या पोटी गर्भ रुजायचा होता. मी कुठे कुठे पुरणार?

तू लिहितेस, "आई, बाळी माझ्याच बीजाची आहे, अधूनमधून बघू तरी दे." शांतपणे वाच. डॉक्टरीणबाईंनी आपल्या तिघींना चित्र काढून समजावलं होतं ना? दर महिन्याला मूठभर बीजं वाढीला लागतात, त्यातलं एकच पिकतं, बाकीची जागच्या जागी विरतात. इंजेक्शनं देऊन त्या खेपेची सगळी पिकवली, एवढंच. एरवी विरणारच होती ती. तुझं गेलं काय?

आणि मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी बीजं तयार होतात, नंतर नवं एकही बनत नाही, हेही बाईच म्हणाल्या. म्हणजे ती घडली माझ्या पोटात, माझ्या रक्तावर. तू नुसती सांभाळलीस. धाकटीची ऐन तिशीत संपली, त्यात तिचा काय दोष? मी एकीचं दुसरीला दिलं.

मागे तू आलीस तेव्हा बाळी कुणाकडे राहत नव्हती. तू घेतलीस आणि गप्प झाली, तुझ्या खांद्यावर झोपलीसुद्धा. धाकटे जावई बोलून गेले, "ही तर हुबेहूब मावशी!" तू केवढी हसलीस. धाकटी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली, ते तुला दिसलं नाही. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "आई, तिला जायला सांग." म्हणून मी तुला म्हटलं, गाडी चुकेल. गाडीला पुष्कळ वेळ होता.

तर आता येऊ नकोस. वाढदिवसालाही नको. फोटोही पाठवत नाही, उगाच झुरशील. बाळीला मोठेपणी काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय. बाबा म्हणाले, "थोरलीला विचार तरी." मी म्हटलं, तिला कधी विचारावं लागलंय? समजूतदार आहे ती.

आणखी एक. धाकटीला दुसरं हवंय. गोठवून ठेवलेलं काही उरलं नाही. परक्या बाईचं नको, भावंडं एकमेकांसारखी दिसायला हवीत, असं तीच म्हणते. या वेळी औषध जपून देतील, मी बोलून घेतलंय. वयाबरोबर बीजंही म्हातारी होतात, तेव्हा उशीर करू नकोस. दवाखाना तुझ्या घराजवळचाच बघितलाय, म्हणजे तुला इकडे यायला नको.

पुढच्या पाळीची तारीख तेवढी कळव.

तुम्हा दोघींची सारखीच,
आई