रद्दीत सापडलेला चेक

डेल, चोर ते कंपनीवाले आहेत, तू नाहीस. व्हॅक्यूम क्लीनरवर साठ डॉलर परत देतो म्हणतात, खोक्यावरचा बारकोड कापून मूळ पावतीसकट टपालानं मागवतात, आणि मग चेक असा छापतात की गालिचे धुणाऱ्यांची जाहिरातच वाटावी. लोकांनी तो फेकावा, हाच त्यांचा धंदा.

मीही फेकला. कंपनीच्या फोनवरची बाई म्हणाली, "चेक जानेवारीतच पाठवलाय." घरात टपाल तूच आणतोस, म्हणून काल मी नवऱ्यासमोर, हँकसमोर, तुझ्यावर आळ घेतला. "ताई, मी तुझी बिअर पितो, चेक नाही पीत," म्हणालास, तरी ऐकलं नाही. आज लाकडाची शेगडी पेटवायला रद्दीचा गठ्ठा सोडला, तर त्यातच तो चेक निघाला. गठ्ठा मीच बांधला होता. तिथेच फरशीवर बसून हसले आणि रडलेही. इतकं हलकं वाटलं की तुला उठवणार होते, पण दाराशी तुझी भरलेली बॅग दिसली आणि धीर झाला नाही.

चेकची मुदत आज संपतेय, म्हणून बँकेत पळतेय. फ्रीजमधलं खिम्याचं मीटलोफ सगळं तुझं. मी चुकले, हे हँकलाही सांगितलंय. नोकरी लागेपर्यंत इथे राहा, असं मी म्हणाले होते, ते अजून तसंच आहे. तुझी डेटनला जायची बस दुपारची आहे, मी त्याआधी येते. नुसता निघून जाऊ नकोस. याच कागदावर खाली लिही, राहतोस की जातोस?

नोरीन