उणे पस्तीस

४ एप्रिल, सोमवार

आले बाई एकदाची! खोली अगदी मनासारखी मिळाली. दुसरा मजला, हवेशीर खिडकी, नळाला धो धो पाणी, आणि घरमालकीण इतकी ठार बहिरी की मी आत कपाटं फोडली तरी तिला पत्ता लागायचा नाही. बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन आहे आणि माझी नोकरी मात्र थंडीतली. लोक हेवा करतील.

कारखान्यात मटार आणि मका गोठवतात. दाणे उकळत्या पाण्यातून काढायचे, गार पाण्यात टाकायचे, ट्रेवर पसरायचे आणि ट्रॉल्या ‘ब्लास्ट’मध्ये ढकलायच्या. ब्लास्ट म्हणजे जाड स्टीलच्या भिंतींची खोली. आत माणसाच्या उंचीचे पंखे, उणे पस्तीस अंश, आणि एकच दार. मी उत्पादन सुधारणा अधिकारी. वीज, वेळ आणि थंडी कुठे वाया जाते ते शोधायचं आणि ती गळती बंद करायची. मॅनेजरसाहेबाने स्वतः सगळा कारखाना हिंडवून दाखवला. चकचकीत बूट, मऊ आवाज, जिभेवर साखर. दाराच्या रबरावरून बोट फिरवत म्हणाला, “मॅडम, आपली थंडी बाहेर जाता कामा नये, बस्स.” मी मान डोलावली. इतकी गोड हसले की माझेच गाल दुखले.

कारण दादा याच खोलीत गेला. तीन वर्षं झाली. माझा सख्खा भाऊ इथे मशीन-दुरुस्तीला होता. पंख्यावरचा बर्फ काढायला आत शिरला, बाहेरून दार लागलं, आणि सकाळी उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता. साहेबाने अहवालात लिहिलं, मयताचा निष्काळजीपणा. वहिनीने सही करून दिली. तिच्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं. माझ्यात आहे. आडनाव माझं सासरचं. नवऱ्याशी पटलं नाही, पण आडनाव असं कामाला आलं, इथे कोणाला संशयसुद्धा नाही.

मी या माणसाला त्याच्याच थंडीत घालणार आहे. आज झोप मस्त लागेल.

६ एप्रिल, बुधवार

दाराशेजारी हुकांची एक पाटी आहे. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला हुकाला अडकवायचा, बाहेर आला की काढायचा. बिल्ला लटकतोय तोवर दाराला कोणी हात लावायचा नाही. साहेबाचा अहवाल म्हणतो, दादाने बिल्ला लावलाच नव्हता. दादाने! जो घरी अंघोळीला जाताना बाहेरच्या कडीला टॉवेल अडकवून जायचा, आत माणूस आहे हे कळावं म्हणून! ते वाचलं तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बिल्ला लावलेला होता. कोणीतरी तो काढला. आणि तो कोणी, हे मला कोणी सांगायला नको.

ब्लास्टच्या मुकादमाला सगळे मामा म्हणतात. उजव्या हाताला एकही बोट नाही. सगळं डाव्या हाताने करतो आणि आपल्यापेक्षा लवकर करतो. आत माझं पेन चालेना तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढून दिली. “शाई गोठते ताई, शिसं नाही गोठत.” दादाही हेच सांगायचा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बोटांचं विचारलं तर म्हणाला, थंडीने खाल्ली, आणि चहाचं विचारायला लागला.

इथली एक पद्धत मामाने दादानंतर पाडली आहे. दार लावायच्या आधी बाहेरच्या माणसाने दारावर ठोकायचं, “कोण आहे का?” असं ओरडायचं आणि दार किलकिलं ठेवून थोडं थांबायचं. आतून काही आवाज आला नाही, तरच दार लावायचं. आतून उघडायचा दांडाही आहे म्हणा. पण त्याच्या भोकातून थंडी गळते म्हणून साहेबाने तिथे फोम भरून ते बुजवून टाकलंय. दांडा गच्च बसलाय. तपासणीला कोणी आलं की फोम काढतात, पाठ वळली की भरतात. दादा गेल्यानंतरसुद्धा! या माणसाचं काळीज कशाचं आहे, मला एकदा बघायचंच आहे.

९ एप्रिल, शनिवार

अर्धा दिवस. शनिवारी दुपारी ट्रॉल्या आत घालून दार लावतात ते सोमवारीच उघडतात. जायच्या आधी साहेबाचा लाडका नियम, ‘पाटी स्वच्छ’. शिफ्ट सुटताना एकाही हुकाला बिल्ला दिसता कामा नये. कोणी घाईत विसरून गेला असेल तर मुकादमाने तो काढून पेटीत टाकायचा, मग पाटीचा फोटो वर पाठवायचा. बिल्ला लटकलेला दिसला तर मुकादमाच्या नावापुढे लाल खूण. फोटोत सगळं कसं झकास दिसतं.

मी माझी योजना लिहायला घेतली. दारावर ठोकून थांबण्यात दिवसाकाठी किती वेळ दार उघडं राहतं, किती ओल आत शिरते, पंख्यावर किती बर्फ धरतो, कॉम्प्रेसर किती जास्त चालतो, सगळं आलेखासकट. सुधारणा पहिली : ठोकण्याची पद्धत बंद. दांड्याबद्दल लिहिलं, सध्याची व्यवस्था योग्य आहे. साहेब नुसता पाघळला. म्हणाला, अशी माणसं मिळत नाहीत हो. मी म्हटलं, खरंय साहेब, नाही मिळत.

मामाने मात्र हात जोडले. एक पंजा, एक थोटूक. ठोकणं बंद करू नका म्हणाला. मी हसण्यावारी नेलं.

१३ एप्रिल, बुधवार

आज भर दुपारी, ब्लास्ट रिकामा असताना, दार बंद असताना, आतून ठकठक झाली.

दोन पटकन, एक उशिरा.

लहानपणी लपाछपीत मी कपाटात बसायचे. दादाला मी कुठे आहे ते ठाऊक असायचं, पण मी दचकू नये म्हणून तो दार उघडण्याआधी असंच ठोकायचा. दोन पटकन, एक उशिरा. आणि म्हणायचा, ठमाकाकू आहेत का घरात? मी दाराला गाल लावला. गाल चिकटला, सोडवताना साल गेलं. रडले आणि हसलेही. त्याला माहीत आहे मी आलेय. दादा, थोडा दम धर. तुझा माणूस तुझ्याकडे पाठवते.

१८ एप्रिल, सोमवार

योजना लागू. आजपासून कोणी ठोकत नाही, कोणी विचारत नाही. दार लागतं कसं सपकन.

मामा माझ्याशी बोलत नाही. ठकठक रोज येते. मी जवळून गेले की येते. बाकी कोणी मान वर करत नाही, म्हणजे ती माझ्यासाठीच आहे.

वहिनीचा फोन आला. परत ये म्हणाली, पोरगी आत्याची आठवण काढते. मी म्हटलं, या महिन्यात येतेच, काम उरकत आलंय.

२१ एप्रिल, गुरुवार

झालं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनमध्ये होते. सकाळचा माल आत लागला होता, उद्यापर्यंत दार उघडायचं कोणाला कारण नव्हतं. साहेबाला सांगितलं, मागच्या पंख्यावर बर्फ धरलाय, म्हणून हवा कोपऱ्यात पोचत नाही. दुसऱ्याची चूक पकडायची म्हटल्यावर गडी लगेच उठला. कोट चढवला, बिल्ला हुकाला लावला, आत गेला. मी दार लोटलं, खटका पाडला आणि उजव्या हाताने त्याचा बिल्ला काढून घेतला. इतकं सोपं होतं ते.

आधी त्याने अदबीने ठोकलं. मग दोन्ही हातांनी. मी फटीशी तोंड नेऊन सांगितलं की मी कोण, कोणाची बहीण. तीन वर्षांनी छातीवरचा दगड उतरला.

मग दुसरी ठकठक ऐकू आली. दोन पटकन, एक उशिरा. साहेबाचे हात थांबले. तो किंचाळला, पण दाराकडे तोंड करून नाही. आत कोणाला तरी सांगत होता. “मी नाही काढला! मी नाही काढला!”

खोटारडा. शेवटपर्यंत खोटारडा.

२३ एप्रिल, शनिवार

काल सकाळी ट्रॉल्या काढताना साहेब सापडला. पोलीस आले, पाटी पाहिली. बिल्ला नव्हता. म्हणजे निष्काळजीपणा. तोच शब्द! मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर हसले.

उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. त्या गार दाराला टेकून फार वेळ उभी होते त्या दिवशी.

२६ एप्रिल, मंगळवार

वरून नवा साहेब आलाय. म्हणाला, मॅडमची योजना उत्तम, एक अक्षर बदलायचं नाही.

बोटं पांढरी पडलीत. गरम पाण्यात धरली तरी काही कळत नाही. आणि ठकठक घरी आली. फ्रीजमधून. मग कपाटातून. दादा, काम झालं ना रे? आता कशाला?

२८ एप्रिल, गुरुवार

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे. उजव्या हाताची नखं काळी झाली.

मामाने माझा हात पाहिला आणि आपलं थोटूक त्याच्याशेजारी धरलं. कोणाचा बिल्ला काढलात ताई, असं विचारलं. मग सगळं सांगितलं. त्या दिवशी दादाचा बिल्ला त्यानेच काढला होता. शिफ्ट सुटली, फोटो काढायचा होता, बिल्ला लटकत होता. त्याला वाटलं, पोरगा विसरून घरी गेला. लाल खूण नको म्हणून काढला, पेटीत टाकला, दार लावलं. विचारलं नाही. पुढे ठकठक त्याच्या घरी गेली, आणि एकेक बोट काळं पडत गेलं. शेवटी आत जाऊन उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, घे बाबा. पाचही घेतली. मग दादा गप्प झाला.

मी त्याचा गळा धरला असता. हात उचलेना.

मी ओरडले, मी बहीण आहे त्याची! मामा म्हणाला, “त्याला तोंडं दिसत नाहीत ताई. बिल्ला काढणारा हात तेवढा कळतो.”

साहेबाचं मला वाईट वाटत नाही. फोम त्याचा, नियम त्याचा. पुन्हा संधी मिळाली तरी कोंडीन. पण दादाने मला ओळखू नये? मला?

२९ एप्रिल

झोप नाही. बाथरूमच्या दारावर ठकठक. गादीखालून. मनगटापर्यंत काळं —

मी त्याला सांगेन. ठमाकाकू म्हटलं की तो ओळखेलच. हात नाही घेणार माझा. आपल्या माणसाचा कोणी घेतं का —

३० एप्रिल, शनिवार

दुपार. मामा आज रजेवर आहे, बरं झालं, आडवा आला असता. कोट घातलाय. वही खिशात, पेन्सिल खिशात. बिल्ला नीट अडकवलाय, दोनदा बघितला. पाच मिनिटांचं काम. जाते.

—

आत. हाका मारल्या. पंख्यांचा आवाज फार. कोणी नाही. फक्त ट्रॉल्या —

—

दार लागलं.

ठोकलं नाही कोणी. विचारलं नाही. सपकन लागलं. बिल्ला आहे की बाहेर! बिल्ला —

शनिवार. पाटी. फोटो.

—

दांडा हलत नाही. फोन लागत नाही. ओरडतेय तर आवाज बाहेर — बाहेर सायकली निघाल्यात, हसतायत. अरे एकदा ठोका. एकदा विचारा ना कोण आहे का —

—

ठकठक. बाहेरून नाही. मागून.

दोन पटकन

—

दादा आहे. केसांवर बर्फ आहे. त्याच्यामागे साहेब उभा आहे, त्याला दोन्ही हात नाहीत. त्याने तर काढला नव्हता, नियम लिहिला होता नुसता

दादा, मी. अरे मी. ठमाकाकू. कपाटातली. बघ ना माझ्याकडे

तो तोंडाकडे बघतच नाही. हाताकडे बघतोय

—

उजवा घेतला. दुखलं नाही. घे, तो तुझाच. मामाचं ऐकून गप्प झालास तसा आता गप्प हो. जा

जात नाहीये

दादा, हा डावा. ह्याने नाही काढला रे. ह्याने मी फक्त लिहि