बाजीचा पाय आणि ऑफिसची लाल फीत

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार. सकाळी ७.४०
नोएडातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बाजीला कुत्रा चावला. चावणारा खालच्या मल्होत्रांचा पॉमेरेनियन, वय अकरा, दात मोजकेच. आमचा बाजी चार महिन्यांचं पिल्लू. पुढच्या पायाला दोन भोकं. लेक अक्षया रडली. हेमलता म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. बिल्कुल गरज नाही. दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयाने मला फर्स्ट-एडचा तीन दिवसांचा कोर्स दिलाय. जखमांचा विषय तिसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी मी रजेवर होतो, पण नोट्स आहेत.
हळद ठासून भरली. कापूस. पट्टी पुरेना, म्हणून वर फायलीची लाल फीत. वीस वर्षं फायली बांधतोय, एकीचाही कागद सांडलेला नाही.

६ फेब्रुवारी
बाजी लंगडतो. पायाला विश्रांती देतोय, हुशार आहे. स्वतंत्र फाइल उघडली. शेरा: कीप इन व्ह्यू, म्हणजे तूर्त नजर ठेवावी.

७ फेब्रुवारी
पंजा सुजला. औषध लागू पडतंय. पट्टी सरकू नये म्हणून फीत आणखी आवळली. हेमलताला वास येतो म्हणे. हळदीचाच असणार.

८ फेब्रुवारी
बाजी जेवला नाही. दूध-पोळीही तशीच. अक्षया माझ्याशी बोलत नाही. सातवीतल्या पोरीला प्रोसीजर काय कळणार. दुपारी ऑफिसातून फोन केला, कुणी उचलला नाही. मायलेकी बाजीला रिक्षात घालून दवाखान्यात गेल्या होत्या. माझ्या अप्रूव्हलशिवाय.

९ फेब्रुवारी
आज ड्रेसिंगला मीही गेलो, केसची हिस्ट्री द्यायला. डॉक्टरांनी कालची कापलेली फीत ट्रेमध्ये जपून ठेवली होती. पाय मिठाच्या पाण्याने धुतला, पू काढला. मग हेमलताला विचारलं, "कुत्ते का काटा तो मामूली था. बांधा किसने?"
हेमलताने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा म्हशींच्या रोगांचा तक्ता वाचत होतो. आणखी दोन दिवस गेले असते तर पंजा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मला फार वाईट वाटलं. फाइलमध्ये हे घेतलेलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
बाजी जेवतो, धावतो. मला पाहिलं की दिवाणाखाली जातो. लाजतो.
जखम उघडी ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्यांना नोएडाची धूळ काय माहीत. मायलेकी बाजारात गेल्याचं बघून नवी पट्टी घेऊन दिवाणाखाली हात घातला.
चावला. अंगठ्याला दोन भोकं.
अक्षया आली. तिने माझा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने धुतला. मी पट्टी मागितली.
"नको बाबा. चावलेलं बांधायचं नसतं."
उद्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन, म्हणून रजेचा अर्ज लिहायला बसलोय. 'कारण' हा रकाना तासभर कोरा आहे.