शेवटचं नीट कधी बोलले?

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४
सकाळी ११.२०

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे जागच्या जागी आहेत. भात झोडून झालं, पेंढा रचला. मनालीचा खोकला कमी आहे.

तुझं कुरिअर पंधरा तारखेला मिळालं. तुझ्या गौरवने आबांच्या झटक्यावरून हॉस्पिटलविरुद्ध तयार केलेला तक्रारअर्ज तीनदा वाचला. मुलगा हुशार आहे, पण आबांचं वय त्याने एकोणऐंशी लिहिलंय, ते अठ्ठ्याहत्तर हवं. ‘सही करून लगेच धाड’ म्हणालीस, त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर तू मध्येच रडतेस आणि मी मध्येच ठेवून देतो, म्हणून कागदावर लिहितो. शेवटपर्यंत वाच.

तुझ्यासारखाच मलाही या लोकांचा संशय आहे. रक्त पातळ करायची गोळी पहिल्या महिन्यात एका कंपनीची, दुसऱ्यात दुसऱ्याच कंपनीची. भिंग लावून पाहिलं, औषध तेच, मात्रा तीच. मग कंपनी का बदलली? केमिस्ट म्हणतो, “राजेंद्रभाऊ, तुमच्यासाठी वेगळा माणूस ठेवायला हवा दुकानात.” हे उत्तर झालं का?

व्यायामवाला पंचेचाळीस मिनिटं सांगून अडतिसाव्या मिनिटाला उठतो. आबा आता काठी घेऊन पडवीपर्यंत येतात, हे मी नाकारत नाही. पण ते त्याच्या ओढाताणीने, गोळ्यांनी, की दिवस गेले म्हणून? विचारलं तर म्हणतो, “सगळ्यांनी मिळून.” मी सातवीपर्यंत शिकलो, पण पंपाची जळलेली मोटार समोर आली तर कुठली गुंडाळी गेली ते बोट ठेवून सांगतो. तेही पुस्तकं मागवून, एकट्याने शिकून. ‘सगळ्यांनी मिळून’ असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो परत येईल का?

सगळ्यात मोठा संशय मात्र बोलायला शिकवणाऱ्या मुलीचा. निशिगंधा नाव. मंगळवार-शुक्रवार रत्नागिरीहून येते. पहिले चार आठवडे चित्रं दाखवायची. तांब्या, गाय, छत्री. आबा नुसते “त्… त्…” करायचे. मग तिने मनालीला विचारलं, यांना तोंडपाठ काय आहे? मनालीने सांगितलं, देवळातलं गाऱ्हाणं, गावासाठी देवाला घालतात ते. पोरीने “बा देवा म्हाराजा” एवढंच म्हटलं, आणि ताई, ज्यांना पाणी मागता येत नाही त्यांनी सगळं गाऱ्हाणं खणखणीत म्हटलं! पिढीजात मानकऱ्यांच्या नावांसकट. स्वयंपाकघरातून मनाली “व्हय म्हाराजा” म्हणत होती. मी बाहेर माझ्या मोटारींच्या शेडमध्ये होतो. हातातली तार खाली ठेवली.

मला वाटलं, हे सोंग आहे.

अकरा दिवस वही ठेवली. कोणाशी, किती वाजता, कोणता शब्द. गाऱ्हाणं चार वेळा. आकडे वीसपर्यंत, रोज. मांजराला शिव्या नऊ, उच्चार स्पष्ट. माझ्याशी शून्य. तूच सांग, काय समजायचं? मी समजलो की आजार अर्धा आणि अबोला अर्धा.

अबोल्याचं तुला वरवर माहीत आहे. तू त्या शिमग्याला आली नव्हतीस. पालखीसमोर आबा गाऱ्हाणं घालत होते, एका वाडीचं नाव त्यांच्याकडून राहिलं. मी सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगितलं, “आबा, एक वाडी गाळलीत.” मी बरोबर होतो, ते नंतर चार जणांनी कबूल केलं. पण त्या दिवसापासून पाच वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यासमोर बसून मनालीला सांगायचे, “सांग त्येला, कवाडी लावलीन नाय.” मीही तिच्याच तोंडून उत्तर द्यायचो.

तर ती वही मी निशिगंधाच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, “उद्यापासून येऊ नका. त्यांना बोलता येतं. मला फसवताय दोघं मिळून.”

ती चिडली नाही. म्हणाली, “काका, पाठ असलेलं आपोआप गडगडत येतं. शिवीसुद्धा. ‘पाणी’ हा शब्द दर वेळी शोधून आणावा लागतो, आणि शोधायची जागाच दुखावलीय.”

“आणि माझं नाव? सत्तेचाळीस वर्षांत पाठ झालं नाही?”

“शेवटचं कधी घेतलं होतं त्यांनी?”

आतून मनाली म्हणाली, “तारीख सांगा की तिला. लिहून ठेवली असेल.”

मग पोरीने वही पुन्हा चाळली आणि हॉस्पिटलची फाइल उघडली. “इथे लिहिलंय, शेवटचं नीट कधी बोलले ते नातेवाइकांना माहीत नाही. मांजराला शिवी दिली ती सात वाजून दहा मिनिटांनी, हे तुम्हाला माहीत आहे. आणि वाचा कधी गेली ते माहीत नाही?”

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेली. पुढचे दोन वार आली नाही.

ताई, आता गौरवच्या अर्जातली खरी चूक. ‘दहा वाजता झटका आला, साडेअकराला दाखल केले, तरी इंजेक्शन दिले नाही.’ दहा ही वेळ मी तुला सांगितली होती. ती खोटी आहे.

सत्तावीस सप्टेंबरला मनाली माहेरी देवरूखला होती. घरात आम्ही दोघंच, म्हणजे बोलायचा प्रश्नच नव्हता. सकाळी साडेसहाला मी आबांपुढे चहा ठेवला. कप त्यांच्या उजव्या हातातून पडला. मला वाटलं, फेकला. ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं, शब्दही खर्च करायचा नाही यांना. फडक्याने पुसलं आणि शेडमध्ये गेलो.

शेडच्या दारातून पडवीतली त्यांची खुर्ची दिसते. ते डावा हात वर करत होते. दोनदा. मी पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. पाच वर्षांनी बोलावतायत हे मला कळलं होतं. मनात म्हटलं, तोंडाने हाक मारू दे, मग उठतो. आणि गुंडाळी मोजत राहिलो.

पावणेअकराला मनाली आली, तिने वाकडं तोंड पाहिलं आणि ओरडली. अकरा पस्तीसला हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? मी म्हटलं, माहीत नाही, मी कामात होतो. ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, हे त्यांनी तिथेच समजावलं. मला हिशेब लगेच आला. साडेसहाला निघालो असतो तर साडेसातला पोचलो असतो.

मनालीला हे काल सांगितलं. तिने ऐकलं आणि फक्त “त्यांच्यासमोर जाऊन बसा” एवढं म्हणाली. निशिगंधाला मी स्वतः फोन केला. तिचं म्हणणं, गोळ्या दुसरा झटका टाळतील, व्यायामाने पाय चालेल, ती शब्दांची वाट दाखवेल. पण रोज अर्धा तास घरातलं माणूस समोर हवं. पहिलं अक्षर द्यायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. मधे बोलायचं नाही, चूक काढायची नाही. चूक काढायची नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

आज सकाळी बसलो. “आबा, पा…” म्हटलं आणि थांबलो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अर्ध्या तासात एकही शब्द नाही. आता हा अबोला आजाराचा की माझ्यावरच्या रागाचा, हे मला ओळखता येत नाही. उद्या पुन्हा बसेन.

अर्ज सोबत परत पाठवतोय, सही नाही. गौरवला कारण तू सांग, नाहीतर हे पत्रच दाखव. आबांना तुझ्याकडे डोंबिवलीला न्यायचं असेल तर ये, मी अडवणार नाही. पण शब्द परत यायला हे पहिले महिने मोलाचे असतात म्हणतात, तेव्हा तिकडची अशी मुलगी आधी शोध.

आणि एवढं कर. मला काय हवं ते बोल, फोनवर बोल, गावात येऊन चारचौघांत बोल. फक्त गप्प राहू नकोस. आपल्या घरात माणूस गप्प झाला की तो रागावलाय की बुडतोय, ते मला कळत नाही.

तुझा भाऊ, ज्याने हात पाहिला होता,
राजेंद्र