जन्मवेळेतला अर्धा तास

तारनाका, हैदराबाद
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने सौ. लिहून गेलो गं माय. ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं. रोहनला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्याने बोलवत नाही, म्हणून लिहितोय. तू तेलुगू भराभर वाचतेस आणि मराठीला अडखळतेस, तरी सावकाश वाच.

कॉलेजात तीस वर्षं मी शोकांतिका शिकवली. नायकाला दैव बुडवत नाही, त्याची करणी बुडवते, असं टेबलावर हात आपटून सांगायचो. आणि तुझं लग्न ठरताना मीच घाबरलो. गुण जुळत होते, पण तुला कडक मंगळ, आणि तुझ्या सासूबाई वंदनाताई पत्रिकेवाचून पाऊल न टाकणाऱ्या. मी गुरुजींना जन्मवेळ सव्वासातऐवजी पावणेसात सांगितली. मंगळ सरकला.

खरी वेळ दिली असती तर लग्न झालं नसतं, आणि कुणास ठाऊक, तो पोरगा आज असता. शिकवलं ते सगळं खोटं वाटतंय. रविवारी हिमायतनगरला येऊन वंदनाताईंच्या पाया पडतो. तोवर त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर त्या तुला घरात उभं करायच्या नाहीत.

या अपराध्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
बाबा


हिमायतनगर
७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

माझ्या मराठीच्या चुका काढत बसू नका, सर.

काल पत्र आलं. तुमचं अक्षर मला लागेना. सासूबाईंना वाटलं, सांत्वनाचं असेल. बिचाऱ्यांनी चष्मा लावला, मला जवळ बसवलं आणि मोठ्याने वाचू लागल्या. मंगळापाशी आवाज थांबला. पुढचं त्यांनी मनात वाचलं.

मी सांगितलं की रोहनला ठाऊक होतं. गुरुजींशी तुमचं बोलणं मी ऐकलं होतं. साखरपुड्याआधी कोठीच्या बाजारात पुस्तकं घेताना त्याला सांगून टाकलं, मोडायचं तर आत्ताच मोड म्हटलं. तो इतका हसला की दुकानदार बघायला लागला. त्याच्या मोडक्या हैदराबादीत म्हणाला, मंगळाचं मैं देखलेतूं, आईला बोलू नक्को. डेंग्यूचा ताप घेऊन चार दिवस ऑफिसला गेला तोही असाच हसत. मी ओढून दवाखान्यात न्यायला हवं होतं. नाही नेलं. ते मनातून जात नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या की सगळ्यांना माहीत होतं, मलाच तेवढं नाही. दार लावून घेतलं. आज ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, तुझ्या हातचं नको, बापाकडे जा.

रविवारी या. पाया पडायला नको, मला न्यायला या. तुमच्यावर राग नाही. फक्त मंगळाने त्याला नेलं असं म्हणू नका. तसं म्हटलं तर त्याने मला पसंत केलं तेही मंगळाचंच काम होईल. सगळं माहीत असून तो माझ्याशी लग्नाला उभा राहिला होता, बाबा. माझ्याकडे आता तेवढंच आहे.

माझ्यावर जीव असू द्या.

तुमची,
प्रियदर्शिनी