विनोदचा डावा कान

४ मार्च, मंगळवार
अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेतून निघाले. विनोदला काल सकाळी ठाण्यात नेलंय आणि मला आज कळतंय. त्याची बायको रेखा शेजारच्या घरात राहते, पण सख्ख्या नणंदेला सांगायला तिला दुसरा दिवस उजाडला. "येतीन म्हने ताई, नुसती इचारपूस आहे म्हने." रडून रडून डोळे सुजलेत तिचे, आता काय बोलायचं तिला.

रविवारच्या लग्नात नवरीचा राणीहार गेला. बँडवाल्यांना कपडे बदलायला दिलेली खोली नवरीच्या खोलीला लागून होती. बँडमध्ये एवढे जण, उचलला फक्त विनोदला. का, तर तो मध्ये पाणी मागायला गेला होता. ट्रंपेट वाजवणाऱ्याचा घसा सुकतो, पाणी लागतं. हा गुन्हा.

ठाण्यात गेले. टेबलामागचा हवालदार मान वर न करता म्हणाला, "चौकशी चालू आहे, मॅडम."
"अटक केली का?"
"नाही."
"मग घरी पाठवा."
"चौकशी चालू आहे."
अटकही नाही, सुटकाही नाही. मी तिथे उभी राहून पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, आणि तो पेनाचं टोपण लावत-काढत होता. भेटू दिलं नाही. डबा मात्र घेतला. पोळ्या, वांग्याची भाजी. थोड्या वेळानं रिकामा करून परत दिला. जेवला म्हणून जरा जीव भांड्यात पडला.

५ मार्च, बुधवार
दिवस मावळता मावळता सोडला. घरापर्यंत आला तो भिंती धरत. तळपाय टेकत नाहीत, पायाच्या कडांवर चालतो. डाव्या कानातून शर्टाच्या कॉलरवर रक्त वाळलेलं. आईनं विचारलं, "काय झालं रे बावा?"
"पडलो."
एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून निजला. आई पाय शेकायला बसली तर पाय ओढून घेतले.
डबा मिळाला होता का विचारलं. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.
वांग्याची भाजी कोणी खाल्ली मग? पुसून खाल्ला होता डबा.

६ मार्च
सरकारी दवाखाना. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. कसं लागलं विचारल्यावर वि. म्हणाला, "गाडीवरून पडलो." मी म्हटलं, "पोलिसांनी मारलं." डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कान पाहिला, तळपाय पाहिले, पाठ पाहिली. पाठीवर पट्ट्याचे वळ, एकावर एक. कानाचा पडदा फाटलाय म्हणाले.
"असं असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं."
"कोणत्या पोलिसांना?"
त्यांनी आमच्याच ठाण्याचं नाव सांगितलं. नियम आहे म्हणे. हसू का रडू? ज्यानं मारलं, त्यालाच कळवायचं की बाबा, तू मारलंस.
कळवा म्हटलं. खुशाल कळवा.

७ मार्च
आज थोडं बोलला. आई नव्हती तेव्हा. तुकड्यातुकड्यानं, मध्येच थांबून. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.
आधी आडनाव विचारलं. सांगितल्यावर ठाणेदार साहेब बाजूच्याकडे पाहून हसला. मग पाय बांधून आडवा टाकला. हार कुठं, हार कुठं. मग साहेबानं त्याला विचारलं, काय वाजवतो रे तू? ट्रंपेट म्हणाला. तर म्हणे तोंडानं वाजवून दाखव. लग्नातलं गाणं. वि. तोंडानं पँ पँ करत राहिला आणि जिथे श्वास घ्यायला थांबला तिथे कानाखाली. "थांबायचं नाई बे, वरात चालू आहे." सगळे हसत होते.
"ताई, मी वाजवलं," म्हणाला. "मारतीन म्हनून वाजवत राह्यलो." आणि मग लहान मुलासारखा रडला. चौतिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप.
मला त्या ठाण्याला आग लावावीशी वाटली. शिक्षिकेनं असं लिहू नये. लिहिलं.

९ मार्च, रविवार
आज नवरीचे वडील घरी आले. सोबत त्यांचा साडू. हातात पेढ्यांचा डबा. हार सापडला! नवरीच्या मावशीच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत. घाईघाईत तिनंच जपून ठेवला आणि विसरली.
"गैरसमज झाला जी. आम्ही काही तुमच्या भावाचं नाव घेतलं नव्हतं. पोलीसच म्हनले, बाहेरचे कोन कोन होते ते सांगा."
रेखानं चहा ठेवला. मलाच राहवलं नाही, विचारलं, "ठाण्यात कळवलं का तुम्ही?"
"कळवलं ना! लगेच कळवलं. सोमवारी दुपारीच."
स्वतः काय बोलून गेले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चहा फुंकत होते. मी म्हटलं, "विनोदला बुधवारी संध्याकाळी सोडलं."
कप तसाच राहिला हातात. साडू म्हणाला, चला, उशीर होऊन राह्यला.

ते गेल्यावर वि. म्हणाला, "बाजाचं मंगळवारचं आहे, ताई."
तोंडानं वाजवायला लावलं ते मंगळवारी. म्हणजे हार सापडल्यावर. साहेबाला माहीत असताना. मग "हार कुठं" कशासाठी विचारत होते? की विचारतही नव्हते? वि. ला आठवत नाही. म्हणतो, मंगळवारी तर काही विचारलंच नाही बहुतेक.
पेढे तसेच पडलेत. घरातलं कोणी हात लावत नाही, फेकतही नाही.

१४ मार्च, धुळवड
मनोहरभाऊ आला. आईच्या लांबच्या नात्यातला, पोलिसात आहे, दुसऱ्या तालुक्याला. रंग लावायला आलो म्हणाला, पण रंग काही काढला नाही खिशातून.
"वनिता, साहेबाच्या कानावर गेलं आहे तू वकील पाहून राह्यली म्हनून. मिटवून टाक. त्याच्या हातात सारं आहे. उद्या कुठं काही झालं तर पयलं नाव इनोदचंच येईन, समजते ना तुले?"
"धमकी द्यायला पाठवलं का तुला?"
"मी घरचा आहो म्हनून आलो. दुसरा कोनी आला असता तर असा बोलला नसता."
तेही खरं असेल. पण जाताना विनोदच्या पाठीवर थाप मारली त्यानं. मारू नये तिथे. विनोदनं आवाजसुद्धा काढला नाही.
नंतर आम्हा दोघांचं भांडण. तो म्हणतो, "जाऊ दे ताई, मले इथंच राहाचं आहे." मी म्हटलं मलाही इथेच राहायचंय. "तुले पगार आहे. मी रस्त्यावर बाजा वाजवतो. रोज त्याईच्यासमोरून जातो." रागात काहीतरी बोलले. जेवले नाही.

२१ मार्च
शाळेत असताना अनोळखी नंबर. "मी पल्लवी बोलते. हार माझा होता."
नवरी! सासरहून बोलत होती, आर्वीकडून, दबक्या आवाजात. म्हणाली, ठाण्यात फोन तिनंच केला होता. बाबा पाहुण्यांना वाटेला लावत होते म्हणून तिनं केला. साहेब स्वतः बोलले. "बरं झालं ताई, सापडला, अभिनंदन तुमचं," म्हणाले.
अभिनंदन म्हणाले. आणि फोन ठेवून आत गेले असतील.
"बाबा आता म्हनतात, हार बुधवारी सापडला असं सांगायचं. ठाण्यातून मानूस आलता घरी. मॅडम, तुमच्या भावाले लय मारलं का?"
मी सांगितलं. सगळं नाही, कानाचं सांगितलं.
"मी सांगीन," म्हणाली. "कोर्टात सांगाचं असन तर मी सांगीन."
मागून कोणीतरी हाक मारली, फोन कट.
बावीस-तेवीसची असेल. हळदही उतरली नसेल अंगावरची.

२ एप्रिल
मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "वरून" विचारणा झाली म्हणे, तुमच्या बाई राजकारणात आहेत का. हे घरी म्हणाले, नोकरी सांभाळून कर जे करायचं ते. सगळे मला सांभाळायला सांगतात. त्या साहेबाला कोणी सांगितलं का हात सांभाळ म्हणून?
वर्ध्याला कानाच्या डॉक्टरला दाखवलं. पडदा आपोआप भरला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. उजव्या कानानंही कमी ऐकू येतं आता. तिथल्याच एका वकीलबाईंचा नंबर घेऊन ठेवलाय.

१४ एप्रिल, जयंती
हे आज लिहिलंच पाहिजे, दमले असले तरी.
वि. नं सकाळी ट्रंपेट काढली, पुसली. डॉक्टरांनी नको सांगितलंय, पण जयंतीच्या मिरवणुकीत तो पोरगा असल्यापासून वाजवत आलाय. रेखानं पांढरा शर्ट इस्त्री केला. मिरवणूक निघाली, त्यानं तोंडाला लावली, फुंक मारली. सूर निघाला नाही. गालच फुगले. हवा कानातून बाहेर येत होती, शेजारच्या पोट्ट्याला शिट्टी ऐकू आली कानातली. पुन्हा फुंकली. मग डोकं धरून खाली बसला. थोड्या वेळानं उठला, ट्रंपेट त्या पोट्ट्याला दिली आणि मिरवणुकीबरोबर रिकाम्या हातांनी चालत राहिला.
चौकात पुतळ्यापाशी बंदोबस्त. आणि तोच साहेब. टोपी काढून, बूट बाजूला ठेवून, बाबासाहेबांना हार घालत होता. फोटो काढणारे समोर. हात जोडले, डोळे मिटले. आमच्याच मंडळानं त्याला मानाचा म्हणून निळा फेटा बांधला. मंडळवाल्यांचंही खरं, परवानगी त्याच्याच सहीनं मिळते.
मी विनोदकडे पाहत होते. तो पुढे गेला नाही, ओरडला नाही. मिरवणूक पुढे गेली तरी तिथेच उभा.
घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "त्या वकीलबाईले फोन लाव."
"नक्की?"
"माह्या बाबाले हार घातला त्यानं, ताई. त्याच हातानं."

२९ एप्रिल
वकीलबाईंकडे वर्ध्याला. स्वभावानं कडक, पण ऐकून घेतात. ठाणं तक्रार घेणार नाही, वरच्या साहेबांना अर्ज दिला त्याचं उत्तर नाही, आता सरळ कोर्टात. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं विचारलं तर त्या हसल्या. बंद होता असं उत्तर येईल, म्हणाल्या. नेमका तेवढ्याच दिवसांत बंद.
पल्लवीची साक्ष महत्त्वाची. "येईल ना ती?" मी येईल म्हटलं.
विनोदला बँडमालकानं "काही दिवस थांब" सांगितलंय. मालकाची चूक नाही, त्यालाही ठाण्यावरूनच वरात काढायची आहे. कोणाचीच चूक नसते इथे. मार मात्र माझ्या भावाला बसतो.

१९ मे
पल्लवीचा फोन बंद. तिच्या वडिलांकडे गेले तर दारातच, "ती बिमार आहे. पोरीचा संसार मोडाचा आहे का तुमाले?" दार लोटलं. राग त्यांचा यावा की नाही, कळत नाही. आला.

१६ जून, सोमवार
आज कोर्टात विनोदचा जबाब.
रेखा, आई, मी, तिघी बाकावर मागे. आईनं आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट पाहिलं. व्हरांड्यात साहेब उभा होता, दुसऱ्या कुठल्या तरी केससाठी आलेला. आम्हाला पाहून ओळख नसल्यासारखा मोबाईल काढला.
वि. रात्रभर जागा होता म्हणे. मला भीती की आत जाऊन "पडलो" म्हणेल.
न्यायाधीशबाईंनी नाव विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. वकीलबाईंनी उजव्या कानाजवळ जाऊन सांगितलं. मग तो बोलायला लागला, आणि एवढ्या जोरात बोलला की टायपिंग करणारा दचकला. स्वतःचा आवाज त्याला येत नाही नीट. "हळू बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि पुन्हा तेवढ्याच जोरात. पाय बांधल्याचं. पट्ट्याचं. वरात चालू आहे म्हणाल्याचं. कुठे कुठे हसले त्याचं. तोंडानं कोणतं गाणं वाजवलं तेसुद्धा. बाहेरची कुजबूज बंद झाली. दुसऱ्या केसचे लोक, चहावाला, वकील, सगळे दाराशी. न्यायाधीशबाईंनी मग हळू बोला म्हणणं सोडून दिलं. लिहून घेत राहिल्या.
साहेबाचं नाव त्यानं पूर्ण घेतलं. आडनावासकट.
मी वळून पाहिलं. व्हरांड्यात साहेब होता तिथे आता कोणी नव्हतं. गेला की नुसता खांबाआड झाला, माहीत नाही.
बाहेर आल्यावर रसवंतीवर थांबलो. विनोदनं ग्लास दोन्ही हातांनी धरला. म्हणाला, "मी लय जोरात बोललो काय?"
"हो."
"बरं." मग आईकडे पाहून, "तू कायले रडून राह्यली, माय?"
पुढची तारीख ऑगस्टमध्ये. आधी साहेबाचं म्हणणं ऐकणार, मग ठरवणार केस घ्यायची की नाही. नवा कायदा आहे म्हणे. विनोदचं म्हणणं ऐकायला ठाण्यात कोणाला वेळ नव्हता. साहेबाचं मात्र आधी ऐकायचं.
घरी आल्यावर पल्लवीला फोन लावला. आज रिंग गेली. दोनदा पूर्ण वाजली, तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला. पलीकडून नुसता श्वास. मी म्हटलं, "पल्लवी, वनिताताई बोलते. विनोदनं आज सगळं सांगितलं." उत्तर नाही. पण फोन ठेवलाही नाही तिनं. मी ऑगस्टची तारीख सांगितली. हळू, दोन वेळा.